पाने घेतली आहेत

मराठी घरात जेवणाची वेळ झाली, की स्वयंपाकघरातून हाक येते, ‘पाने घेतली आहेत, चला.’ या हाकेत पदार्थाचे नाव नसते. पान केळीचे असो, पळसाची पत्रावळ असो, पितळेचे ताट असो वा काचेची बशी. ते मांडले गेले आहे, एवढेच कळवावयाचे असते. जेवणानंतर तोंडात टाकावयाचे तेही पानच, आणि संस्कृतात ‘पान’ म्हणजे पिणे. पाहुणचाराची ही तिन्ही अंगे एका शब्दात मावतात, हे आमच्या ध्यानात यावयास आम्हांला पार ग्वाल्हेरपर्यंत जावे लागले. तेथील थाटीपूर भागातल्या दर्पण कॉलनीत, एका गच्चीवर, हा विचार आम्हांला प्रथम सुचला.

निमित्त साधे होते. ग्वाल्हेर खंडपीठापुढील एका कामासाठी आम्ही गोव्याहून गेलो होतो. काम पुढे ढकलले गेले, जसे ते बहुधा जाते. आणि विधिमहाविद्यालयातील आमच्या एका जुन्या सहाध्यायाने संध्याकाळी घरी बोलावले. त्यांचे घराणे पाच पिढ्यांपूर्वी साताऱ्याकडून शिंद्यांच्या चाकरीत आलेले. जुना वाडा लष्करात होता; तो वाटण्यांत गेला आणि ते दर्पण कॉलनीतल्या लहानशा घरात राहावयास आले. गच्चीवर चटया, त्यांवर एक ठेंगणे टेबल, टेबलावर जुन्या नऊवारीच्या काठांचा शिवलेला टेबलक्लॉथ. एका तांब्याच्या घंगाळात पाणी आणि झेंडूच्या पाकळ्या. कोपऱ्यात समई. बेत म्हणावा तर वरण-भात, बटाट्याची पिवळी भाजी, काकडीची कोशिंबीर, पोळ्या आणि शेवटी मुरैन्याची गजक. अशी बैठक मांडावयास फारसा पैसा लागत नाही. नजर लागते, आणि ती वहिनींकडे होती.

ज्या गावात ही बैठक मांडली होती, त्या गावाने थाटाच्या पंगती पुष्कळ पाहिल्या आहेत. लष्कर हे नावच मुळी सांगते की हे शहर आधी छावणी होते. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली तळ दिला आणि तो पुन्हा उठला नाही. तंबूंच्या जागी वाडे आले, बाजार आला. त्याच्या आदल्या वर्षी हा सारा संसार राजपुतान्यात फिरत होता. इंग्रज वकिलातीबरोबरच्या पथकाचा अधिकारी टॉमस ब्रॉटन याने १८०९ मधील आपली छावणीतली पत्रे पुढे १८१३ मध्ये छापली. तीत दौलतरावांच्या दरबारी खेळल्या गेलेल्या होळीचे वर्णन आहे. पाहुण्यांस रंगात न्हाऊ घालणे हाही तेथे आदराचाच प्रकार होता. घर नाही, भिंत नाही, पण पाहुणा आला की त्याचा मान कसा राखावयाचा हे ठरलेले. तंबूतही गादी, लोड आणि तक्के असावयाचे, अत्तर आणि विडा देऊन निरोप द्यावयाचा. आजच्या ग्वाल्हेरीतील मराठी घरांत दिवाणखान्याच्या एका बाजूस अजूनही गादी-लोडाची बैठक दिसते. ती आम्हांला त्या चालत्या शहराची आठवण वाटते.

मराठी पानाचा एक नकाशा असतो. वर मध्यभागी मीठ. डावीकडे लिंबू, चटणी, लोणचे, कोशिंबीर. उजवीकडे भाजी आणि आमटी. खाली समोर भाताची मूद, तिच्यावर वरण आणि तूप. सातबाऱ्याच्या उताऱ्याप्रमाणे येथे प्रत्येकाची जागा ठरलेली असते आणि एकाने दुसऱ्याच्या हद्दीत अतिक्रमण केल्यास घरातील वडीलधारी मंडळी तत्काळ हरकत घेतात. या नकाशाला शोभेचे महत्त्व आहेच. पिवळे, पांढरे, हिरवे रंग हिरव्या पानावर जसे खुलतात तसे चिनी मातीच्या ताटात खुलत नाहीत. पण त्याहून मोठे महत्त्व असे, की शंभर पाने वाढावयाची असता वाढप्याला विचार करावा लागत नाही. पेशवाईत सवाई माधवरावांच्या १७८३ मधील लग्नसमारंभासाठी कारभाऱ्यांनी काढलेल्या व्यवस्थेच्या याद्या मराठी वाचकांच्या परिचयाच्या आहेत. रांगोळी, दिवे, वाढपी, पाहुण्यांची बसण्याची जागा, सर्व काही लिहून ठेवलेले. एखाद्या मोहिमेची तयारी असावी तसा तो मामला.

मात्र लिहून ठेवलेल्या त्या व्यवस्थेत एक कलम न लिहिताही सर्वांना ठाऊक असे. कोणी कोणाच्या पंक्तीस बसावयाचे, ते कलम. पदार्थ कितीही वाढले तरी माणसे त्या कलमाबाहेर वाढत नसत. आमच्या मते पाहुणचाराच्या इतिहासातला खरा वाद हा आहे. पदार्थांची यादी त्यापुढे दुय्यम.

ग्वाल्हेरीत या पंगतीने एकदा राजकारणही बुडविले, असे पुष्कळांचे म्हणणे आहे. १ जून १८५८ रोजी तात्या टोपे, झांशीची राणी आणि रावसाहेब पेशवे यांच्या हाती ग्वाल्हेर आले. रावसाहेबांनी पेशवाईचा समारंभ केला आणि ब्राह्मणभोजनांचा सपाटा लावला. तिकडे सर ह्यू रोज चालून येत होता. तीन आठवड्यांच्या आत शहर पुन्हा गेले आणि राणी कोटा की सराय येथे पडली. त्या धामधुमीत उत्तर हिंदुस्थानात सापडलेला एक पाहुणा मात्र आम्हांला फार जवळचा वाटतो. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे. बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, या आशेने ते १८५७ मध्ये निघाले आणि बंडाच्या वणव्यात जाऊन पडले. त्यांचे ‘माझा प्रवास’ हे पुस्तक १९०७ मध्ये प्रसिद्ध केले ते चिंतामण विनायक वैद्य यांनी. आणि वैद्य हे ग्वाल्हेर संस्थानचे मुख्य न्यायाधीश होते, हे आमच्या व्यवसायबंधूंनी अभिमानाने लक्षात ठेवावे. मूळ हस्तलिखिताबरहुकूम प्रत पुढे दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये काढली.

बंड शमले आणि ग्वाल्हेरीत दुसऱ्या तऱ्हेच्या पंगती सुरू झाल्या. जयाजीराव शिंद्यांनी १८७४ मध्ये जयविलास प्रासाद बांधून घेतला. रचनाकार मायकेल फिलोज. १८७६ च्या आरंभी इंग्लंडचा युवराज पाहुणा म्हणून आला. दरबार दालनात दोन झुंबरे आहेत, प्रत्येकाचे वजन सुमारे साडेतीन टन. ती टांगण्यापूर्वी छताची परीक्षा घेण्यासाठी वर हत्ती चढविले होते, असे सांगतात. प्रासादाच्या एका भागात १९६४ पासून संग्रहालय आहे आणि तेथे जाणारा प्रत्येक जण जेवणघरातील चांदीची आगगाडी पाहिल्याशिवाय परतत नाही. माधवराव महाराजांना आगगाड्यांचा नाद होता. लांबलचक टेबलावर रूळ टाकलेले. त्यांवरून धावणाऱ्या सात डब्यांवर शिंदे या आडनावाची इंग्रजी सात अक्षरे, डब्यांत मद्याच्या सुरया आणि चिरूट. पाहुण्याने सुरई उचलली की गाडी थांबे, परत ठेवली की पुढल्या पाहुण्याकडे निघे. एकदा ही गाडी बिघडली आणि बड्या पाहुण्यांच्या अंगावर सारे सांडले, असाही एक किस्सा आहे. पुरावा म्हणून आम्ही तो दाखल करणार नाही. गोष्ट म्हणून तो झकास आहे.

त्या गाडीसमोर उभे असता आमच्या मनात दुसराच विचार आला. ज्या काळात अशी टेबले मांडली जाऊ लागली, त्या काळी अनेक हिंदू संस्थानिक इंग्रज पाहुण्यांबरोबर जेवत नसत. खाना पाहुण्यांचा पाहुण्यांनी खावयाचा. तो आटोपत आला म्हणजे यजमान येऊन बसत आणि राणीच्या नावाने पेले उचलले जात. जगातील उत्तमोत्तम मद्य, पण यजमानाचे पान वेगळ्या खोलीत. आमच्या न्यायशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर यजमान हजर होता आणि पक्षकार गैरहजर होता. याच्या उलट प्रकार देवासला घडला. इंग्रज कादंबरीकार फॉर्स्टर थोरल्या पातीच्या तुकोजीराव पवारांचा स्नेही. १९१२-१३ च्या हिवाळ्यात तो तेथे गेला आणि पुढे १९२१ मध्ये चिटणीस म्हणून राहिला. मराठी ताटाने तो इतका गोंधळला, की त्याने घरी पाठविलेल्या पत्रात ताटाची आकृती काढून पदार्थांना क्रमांक दिले आणि खाली एकेकाची ओळख लिहिली. ही पत्रे १९५३ मध्ये पुस्तकात आली. नकाशा पाहताच नकाशा काढावासा वाटला, यात त्याची बुद्धी दिसते.

सोवळ्या-ओवळ्याचे हे प्रकरण केवळ राजवाड्यांचे नव्हते. १८४९ मध्ये मुंबईत परमहंस सभा निघाली. तिच्या सभासदाला जातिभेद मानत नाही हे सिद्ध करण्यासाठी पावाचा तुकडा खावा लागे. पाव! जो आमच्या गोव्याच्या पाववाल्यांनी मुंबईच्या घराघरांत नेला, तोच हा. सभा गुप्त होती. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी बाहेर फुटली आणि सभा बसली. पुढे १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यान झाले आणि नंतर मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, गोखले होते. बोलावणे धाडण्यात पुढाकार असलेल्या गोपाळराव जोशांनीच नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापवून आणली आणि गावात ग्रामण्य उठले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली. कोणी प्याला, कोणी नुसता हातात धरला, कोणी बिस्किटाला शिवलाही नाही, हे प्रश्न साक्षीपुराव्याने तपासण्यात आले. शेवटी १८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले आणि त्यांच्याच अनुयायांची मने त्यामुळे दुखावली. पुढे उच्च न्यायालयाच्या न्यायासनावर बसलेल्या पुरुषाला एका चहाच्या पेल्यासाठी आरोपीच्या जागी उभे राहावे लागले, याची गंमत वाटण्याऐवजी आम्हांला अजूनही अवघडल्यासारखे होते.

या कोंडीतून बाट काढण्याचा एक सरळ प्रयत्न अनंत हरी गद्रे यांनी केला. ‘निर्भीड’ पत्राचे हे संपादक. त्यांनी १९४० नंतरच्या दशकात ‘झुणका-भाकर सत्यनारायण’ सुरू केले. पूजेला दलित दांपत्य बसवावयाचे आणि प्रसाद म्हणून शिऱ्याऐवजी झुणका-भाकर सर्वांनी एकत्र खावयाची. युक्ती मोठी होती. शिऱ्याला तूप, साखर, केळी लागतात. झुणक्याला बेसन आणि कांदा पुरतो. खर्च खाली आला की पंगतीचा दरवाजा रुंद होतो, हे गद्र्यांनी जाणले. रत्नागिरीस सावरकरांनी १९३० च्या आसपास सहभोजने घडविली होतीच.

आता त्या गच्चीवर परत येऊ. कारण तेथे पेयाचा विषय निघाला आणि तो आम्हां गोवेकरांच्या अंगणात येऊन थांबला. आम्ही घरून आगळाची बाटली नेली होती. काजूची फेणी नेण्याचा मोह झाला होता. २००९ मध्ये तिला भौगोलिक उपदर्शनाचे संरक्षण मिळाल्यापासून ती आम्हांला आमच्याच पक्षाची वाटते. पण वाटेवरच्या राज्यांचे अबकारी कायदे आठवले आणि वकिलाने तरी हा धोका पत्करू नये असे ठरविले. मित्रांच्या कन्येने आगळ, गूळ, भाजलेले जिरे, पुदिना आणि सोडा यांचे मिश्रण करून काचेच्या पेल्यांत दिले आणि म्हणाली, ‘काका, पाच जिन्नस आहेत, म्हणून याचे नाव पंच.’ तिला ठाऊक नव्हते की ती सतराव्या शतकातील एका इंग्रज डॉक्टराची साक्ष काढीत होती.

जॉन फ्रायर हा तो डॉक्टर. १६७३ च्या सुमारास तो पश्चिम किनाऱ्यावर आला आणि त्याचा ग्रंथ १६९८ मध्ये छापला गेला. नेरूल येथे गोव्याचा उत्तम अर्क निघतो आणि त्यापासून या किनाऱ्यावरचे इंग्रज पाच वस्तू घालून एक मादक पेय करतात, त्याला देशी भाषेतील पाच या अर्थाचे ‘पंच’ असे नाव आहे, असे तो सांगतो. आमच्या बार्देशकर वाचकांनी येथे कान टवकारले असतील. अर्क, साखर, लिंबू, मसाला आणि पाणी, अशी पाचांची यादी सामान्यतः देतात. तेव्हा साऱ्या जगातील मिश्र मद्यांच्या एका मोठ्या कुळाचा मूळ पुरुष या किनाऱ्यावर जन्मला, असे म्हणण्याचा मोह होतो. पण प्रतिपक्षाचे म्हणणेही ऐकले पाहिजे. हा शब्द इंग्रजी पत्रव्यवहारात १६३२ मध्येच आला आहे, म्हणजे फ्रायरच्या चाळीस वर्षे आधी. १६३८ मध्ये सुरतेस आलेल्या मांडेल्स्लोने अशाच पेयात मद्य, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर एवढ्या चारच वस्तू सांगितल्या आहेत. आणि फ्रायर स्वतःही चार वस्तूंचा पर्याय नमूद करतो. काही विद्वान तर हे नाव पिंपाच्या इंग्रजी नावावरून आले असे मानतात. पुरावा सारा परिस्थितिजन्य आहे. तरीही, पंचामृत, पंचखाद्य, पंचपक्वान्न असे पाचांशिवाय ज्यांचे पान हलत नाही त्या समाजात हे नाव पडले असावे, याकडे आमचा कल आहे. चौथी वस्तू चुकली म्हणून पंचामृताचे नाव कोणी बदलीत नाही.

मद्याविषयी मराठी मध्यमवर्गीय घरात अजूनही एक अवघडलेपणा आहे; ग्वाल्हेरीत तर विशेष. राजवाड्यात चांदीच्या गाडीतून सुरया फिरत असता शहरातील कारकुनाच्या घरी पाहुण्याला पन्हे किंवा वाळ्याचे पाणी मिळे. राजकवी भा. रा. तांबे (१८७४–१९४१) यांचे अखेरचे दिवस याच शहरात गेले. ‘रिकामे मधुघट’ या कवितेत मावळत्या प्रतिभेसाठी त्यांना जी प्रतिमा सुचली, ती पाहुण्याने मागितले आणि घरात द्यावयास काही उरले नाही अशा यजमानाची. आमच्या समाजात यजमानाची ही लाज किती खोलवर आहे, हे त्यावरून दिसते.

बोलता बोलता आमचे लक्ष जिन्याजवळच्या फडताळाकडे गेले. त्यात कान तुटलेला चिनी मातीचा एक कप ठेवला होता. वहिनींनी घरभर फुले मांडली होती, पण या कपात मात्र काही नव्हते. आम्ही सहज विचारले, तर नवराबायकोंत जुना वाद असल्याचे कळले. मित्रांना त्यात मोगऱ्याची फुले ठेवावीशी वाटतात. वहिनी ठेवू देत नाहीत. हा ‘बाहेरचा कप’. मित्रांचे आजोबा दरबारच्या हिशेबखात्यात कारकून होते. तेथील एक मुसलमान सहकारी त्यांचे जिवलग स्नेही. वीस वर्षे ते दर रविवारी सकाळी वाड्यावर येत, दोघे ओसरीवर बसून बुद्धिबळ खेळत आणि चहा होई. आजोबांचा पेला आतून येई, स्नेह्यांचा कप ओसरीच्या कोनाड्यात असे. तो विसळावयाचाही त्यांनीच. मित्र म्हणाले, ‘फुले घातली की जरा बरे दिसेल.’ वहिनी म्हणाल्या, ‘तेच तर नको आहे.’

आजोबांची रोजकीर्द घरात आहे. कन्येने ती खाली जाऊन आणली आणि आम्ही धंद्याच्या सवयीने पाने उलटू लागलो. मोडी अक्षर स्वच्छ. कपाची खरेदी नोंदली आहे: ‘कप एक, बाहेरचा.’ दर ईदेच्या दिवशी एक टीप आहे. ‘शेवया आल्या. गाईस घातल्या.’ पुढल्या वर्षी तेच, त्यापुढल्या वर्षी तेच. एका वर्षी ‘गाईस’ ऐवजी ‘मोलकरणीस’. मग १९४३ ची वही. तीत ईदेच्या दिवशी फक्त दोन शब्द आहेत, ‘शेवया आल्या’, आणि पुढे जागा कोरी. १९४४ मध्ये तसेच. १९४५ मध्ये तसेच. त्यानंतर स्नेह्यांचे नाव वहीत येत नाही. ते वारले की गाव सोडून गेले, घरात कोणास माहीत नाही.

कन्येने विचारले, ‘काका, याचा अर्थ पणजोबांनी त्या खाल्ल्या?’ मौन म्हणजे कबुली, असे न्यायालयात सहसा धरता येत नाही. आम्ही तिला तसे सांगितलेही. पण पै-पैचा हिशेब लिहिणाऱ्या त्या माणसाने तीन वर्षे तेवढीच एक रकाना मोकळा सोडला होता, हेही तितकेच खरे होते. तिने वही मिटली, कप टेबलावर आणून ठेवला आणि त्यात उरलेले कोकम ओतून स्वतःच प्याली. खालून वहिनींची हाक आली. पाने घेतली होती.